घरची कचेरी आणि सोबतीचे मोल



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला येथे बोलावले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात हा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर पंडितांनी बोलावे आणि आम्ही समोर बसून ऐकावे, असा प्रघात आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आजचे बोलणे एका कार्यकर्त्याचे आहे, असे समजून आपण ते गोड मानून घ्यावे.

आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा आमच्या युनियनमधले एक जुने मित्र म्हणाले, “अहो, ही संगणकावर काम करणारी पोरे. त्यांचा पगार आपल्या पोरांच्या चौपट. त्यांचे दुखणे तुम्ही कशाला अंगावर घेता?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे. दुसऱ्याने नेमून दिलेले काम करून जो मजुरीवर जगतो तो कामगार. त्याच्या हातात पाना आहे की लॅपटॉप, एवढ्याने मालकाशी असलेले त्याचे नाते बदलत नाही. शिवाय कामगाराला कामाच्या जागेपासून सोडवून घरी बसवण्याचा जो प्रकार आज त्यांच्या बाबतीत चालला आहे, तो फार जुना आहे. त्याचा अनुभव या महाराष्ट्रातल्या गरिबातल्या गरीब बायांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि असंख्य माणसांची कचेरी एका रात्रीत त्यांच्या घरात आली. टाळेबंदी उठली, तेव्हा काही जण परत गेले, काहींना आठवड्यातून दोन-तीन दिवस बोलावणे येऊ लागले, आणि काही अजून घरीच आहेत. या घरी बसलेल्यांपैकी अनेक जण आता आणखी एका ठिकाणी जाऊन बसतात. त्याला ‘को-वर्किंग स्पेस’ म्हणतात. मी आपला तिला सामाईक कचेरी म्हणतो. एक मोठा हॉल, ओळीने मांडलेली टेबले, बऱ्यापैकी खुर्च्या, वेगवान इंटरनेट, वीज गेली तर जनरेटर, कोपऱ्यात चहा-कॉफीचे यंत्र आणि फोनवर बोलण्यासाठी काचेच्या लहान खोल्या. शेजारी बसलेला मनुष्य भलत्याच कंपनीचा, भलतेच काम करणारा. दिवसाचे भाडे भरा किंवा महिन्याचे भरा.

आता यातली गंमत पाहा. घरी टेबल आहे, घरी इंटरनेट आहे, घरी चहा फुकट आहे. तरी मनुष्य स्वतःच्या खिशातले पैसे मोजून परक्या हॉलमध्ये जाऊन बसतो. का? गेल्या काही वर्षांत अशी मुलेमुली आमच्या युनियनच्या कचेरीत येऊ लागली आहेत. कोणाकडून मेलवर राजीनामा मागितलेला असतो, कोणाचा शेवटचा पगार अडकलेला असतो. त्यांचे काम झाले की मी हा प्रश्न विचारतो. प्रथम सगळे सांगतात की खुर्ची चांगली आहे, इंटरनेट बरे आहे. चहाचा दुसरा कप झाला की खरे बोलू लागतात. तेव्हा तीन गोष्टी निघतात. एक, तिथे गेले की दिवस संपतो. दोन, तिथे कोणीतरी असते. आणि तीन, घरची माणसे आपल्या कामाला काम म्हणू लागतात. या तीन गोष्टींविषयीच मला आज बोलायचे आहे.

पहिली गोष्ट दिवस संपण्याची. सामाईक कचेरीच्या आजच्या रूपाची सुरुवात २००५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाली, असे मानले जाते. ब्रॅड न्यूबर्ग नावाचा एक संगणक-अभियंता होता. नोकरीत सोबत मिळते पण स्वातंत्र्य नाही, स्वतंत्र काम करावे तर स्वातंत्र्य मिळते पण सोबत नाही. दोन्ही एकत्र कसे मिळेल, हा त्याचा प्रश्न. त्याने आठवड्यातून दोन दिवस एक जागा घेतली आणि तीत थोडीशी टेबले मांडली. सर्वांनी मिळून जेवायचे, मध्ये थोडे ध्यान करायचे, असा कार्यक्रम ठेवला. पण त्याच्या नियमांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा, की संध्याकाळी पावणेसहाला जागा बंद म्हणजे बंद.

हा नियम वाचला तेव्हा मला गिरणगावाचा भोंगा आठवला. भोंग्याला आपण शिव्याच दिल्या. तो पहाटे झोपेतून उठवत असे, उशीर झाला तर फाटक बंद होई. पण तोच भोंगा संध्याकाळी सांगत असे, की आता हा देह तुझा आहे. तो हक्कही कोणी आपण होऊन दिला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीसाठी मालकांकडे सतत धरणे धरले. ती सुट्टी १८९० साली मिळाली. आज घरात लॅपटॉप उघडून बसलेल्या मुलाला भोंगा नाही. रात्री साडेदहाला फोनवर टिंग वाजते आणि तो उठून बसतो. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार त्याच्या घराच्या दारातून हळूच बाहेर गेला आणि त्याला कळलेही नाही. म्हणून तो पैसे भरून अशा जागेत जातो, की जिथून संध्याकाळी उठून यावेच लागते.

आपल्यापैकी काही जणांना हे परदेशी वाटेल. पण पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत जाऊन पाहा. स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी खेड्यापाड्यांतली मुले तिथे अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एका टेबलाची जागा घेतात. पुस्तक त्यांचे स्वतःचे, दिवा खोलीवरही आहे. मग पैसे कशाचे? समोरचा पान उलटतो आहे, म्हणून आपणही उलटतो, याचे ते पैसे. तेव्हा सामाईक कचेरी ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपण तिला अभ्यासिका म्हणत आलो.

दुसरी गोष्ट सोबतीची. इथे मी एका प्रयोगाचा दाखला देतो. चीनमध्ये शांघायला सीट्रिप नावाची प्रवासाची तिकिटे आणि हॉटेले आरक्षित करून देणारी मोठी कंपनी आहे. तिने २०१०-११ मध्ये स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांच्याबरोबर एक प्रयोग केला. फोनवर ग्राहकांशी बोलणारे, आपण होऊन तयार झालेले सुमारे अडीचशे कामगार घेतले. जन्मतारीख सम की विषम, हे पाहून दोन गट केले. एक गट आठवड्याचे चार दिवस घरी, दुसरा कचेरीत. घरी काम करायचे तर घरात स्वतंत्र खोली हवी, अशी अट होती. नऊ महिन्यांनी हिशेब केला तेव्हा घरच्या गटाचे काम १३ टक्क्यांनी वाढलेले निघाले. मालकाला आनंद झाला. पण मी कामगारसंघटक आहे. मी ते १३ टक्के फोडून पाहिले. त्यातले ९ टक्के आले ते माणसे अधिक मिनिटे कामावर राहिली यामुळे. मधली सुट्टी कमी घेतली, आजारपणाची रजा कमी घेतली. उरलेले ४ टक्के घरच्या शांततेमुळे.

प्रयोग संपल्यावर कंपनीने विचारले, आता तुम्हीच ठरवा, घरी की कचेरीत? घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कचेरीत परत आले. येण्याजाण्याचे हाल त्यांना माहीत होते, तरी आले. कारण मुख्यतः एकटेपणा. आणि दुसरे असे, की काम चांगले करूनही घरी बसलेल्यांना त्या मानाने बढती कमी मिळत होती. जो डोळ्यांसमोर नाही तो साहेबाच्या ध्यानातही राहत नाही.

मग सामाईक कचेरीतली सोबत आणि आपल्या कचेरीतली सोबत यांत फरक काय? मिशिगन विद्यापीठाच्या ग्रेचन स्प्राइत्झर आणि त्यांचे सहकारी यांनी याचा अभ्यास करून २०१५ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिले. तुमची उमेद किती, तुम्ही किती फुलता, याचे माप त्यांनी सातपैकी गुण देऊन काढले. सामाईक कचेऱ्यांतल्या माणसांचे गुण सहाच्या जवळ आले. नेहमीच्या कचेरीतल्यांपेक्षा किमान एका गुणाने जास्त. कारण काय, तर शेजारी बसलेला मनुष्य आपला स्पर्धक नाही. त्याच्यासमोर मुखवटा घालावा लागत नाही. त्याला येते ते आपल्याला येत नाही, आपल्याला येते ते त्याला येत नाही. म्हणून मदत सहज होते.

यातले मर्म ध्यानात घ्या. ज्या ठिकाणी साहेब नाही आणि वार्षिक मूल्यमापनाचा फास नाही, तिथे माणसे एकमेकांशी माणसासारखी वागतात, हे सिद्ध करायला विद्यापीठ लागले. गिरणगावच्या खानावळीत बसणाऱ्याला ते ठाऊक होते. मुंबईच्या कामगारांचे राजकारण जितके गिरणीच्या फाटकावर घडले तितकेच चाळीत, खानावळीत आणि नाक्यावर घडले, असे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी साधार दाखवले आहे. वेगवेगळ्या गिरण्यांतली माणसे एका खोलीत झोपत, एका पंगतीत जेवत. म्हणून एका गिरणीत काय दर चालतो ते दुसरीत कळत असे.

तिसरी गोष्ट घरच्यांनी कामाला काम म्हणण्याची. ती मला एका भगिनीने समजावून दिली. ती घरून हिशेबाचे काम करते. म्हणाली, “काका, मी घरात लॅपटॉपवर असले की सासूबाई सांगतात, अगं, बसलीच आहेस तर कुकरकडे लक्ष दे. तेच मी पर्स खांद्याला लावून निघाले की त्या म्हणतात, कामाला चाललीये. काम तेच, पगार तोच. फक्त मी उंबरठा ओलांडला.” मी तीस वर्षे कामगारांत काढली, पण बाईच्या कामाविषयी इतके थोडक्यात कोणी सांगितले नव्हते. घरात राहून केलेले काम हे काम वाटत नाही, ना नवऱ्याला, ना सासूला, ना मालकाला. हळूहळू तिलाही वाटेनासे होते. त्या टेबलाचे भाडे ती भरते ते या ओळखीसाठी.

आणि इथेच मला विडी कामगार भगिनींची आठवण होते. सोलापूर, सिन्नर, नगरकडे जा. बाई कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा घेऊन येते, घरी पाने भिजवते, कापते, विड्या वळते आणि माल परत नेऊन देते. हजार विड्यांमागे मजुरी. जागा तिची, दिवा तिचा, कात्री तिची, पाठदुखी तिची. मालकाने कारखान्याचे भाडे वाचवले आणि तिने ते स्वतःच्या घरातून भरले. तिकडे माल घेताना विड्या नापास करण्याचा हक्क मालकाच्या हाती.

पण दुपारी त्या वस्तीतून चाला. ज्या घराची ओटी मोठी तिथे पाच-सहा जणी आपापली सुपे घेऊन बसलेल्या दिसतील. प्रत्येकीला घरी वळता येतेच. तरी एकत्र बसतात. बोलता बोलता हात चालतो, एकीचे लेकरू दुसरी पाहते, आणि आज कोणाच्या किती विड्या नापास केल्या याचा हिशेब तिथेच होतो. एकीलाच वाटते की आपला हात वाईट. पाच जणी बोलल्या की कळते, काटा मालकाचाच वाईट. ही ओटी म्हणजे सामाईक कचेरीच की! तिला भाडे नाही, काचेची खोली नाही, पण माणसाला हवे ते तिथे आहे.

या बायांनी ओटीवरून सुरुवात करून काय मिळवले तेही ऐका. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात घरी विड्या वळणारीलाही कामगार म्हटले गेले. मालक म्हणत, घरी काम करणारीवर आमची देखरेख नाही, मग ती आमची नोकर कशी? भविष्यनिर्वाह निधीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८५ साली न्यायालयाने सांगितले, की माल नापास करण्याचा हक्क तुमच्या हातात आहे, तर देखरेखही तुमचीच आहे, निधी भरा. घरी बसलेल्या प्रत्येक संगणक-कामगाराने हा निकाल पाठ करावा, असे मला वाटते. ज्याच्या हाती काम नापास करण्याची सत्ता, तो मालक. मग तो समोर असो की पडद्यामागे.

आता सामाईक कचेरी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न. आज ती जागेच्या व्यापाऱ्याच्या मालकीची आहे. वीवर्क नावाची कंपनी २०१० साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. मोठाल्या इमारती लांब मुदतीच्या भाड्याने घ्यायच्या आणि टेबले महिन्याच्या बोलीने द्यायची, असा धंदा. आम्ही जागा नव्हे, आपुलकी देतो, असा त्यांचा सूर. २०१९ च्या जानेवारीत तिची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली गेली. त्याच वर्षी शेअर विक्रीला काढण्याचा बेत मागे घ्यावा लागला. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर पडली, पण वाटेत कित्येक जागा बंद झाल्या. सोबत ही माणसांनी एकमेकांना दिलेली वस्तू. ती व्यापाऱ्याने विकायला घेतली, तर भाडेकरार तुटला की ती सोबतही तुटते.

म्हणून माझे म्हणणे तीन मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा खर्चाचा. मनुष्याला घरी बसवून मालकाचे जागेचे भाडे, वीज, पाणी वाचते. तेव्हा त्या टेबलाचे भाडे मालकाने द्यावे. यात जगावेगळे काही नाही. पोर्तुगालने २०२१ साली कायदा केला. त्याप्रमाणे घरून काम करणाऱ्याचा वीज-इंटरनेटचा वाढीव खर्च मालकाने द्यायचा, कामाच्या वेळेबाहेर त्याला त्रास द्यायचा नाही, आणि त्याचा एकटेपणा कमी व्हावा म्हणून निदान दोन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेट घडवायची. एकटेपणा हे कामावरचे दुखणे आहे, असे एका देशाच्या कायद्याने मानले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्यालाही संघटनेचा हक्क, मोबदला आणि सामाजिक सुरक्षा इतरांच्या बरोबरीने मिळावी, असे त्यात आहे. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. विडी कामगार आणि संगणक-कामगार यांनी एकत्र येऊन ही मागणी करावी. दोघांचे हित एकच आहे.

दुसरा मुद्दा जागेचा. अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ साली दूर राहून काम करण्याची कल्पना मांडली, तेव्हा प्रत्येकाने स्वयंपाकघरात बसून काम करावे, असा त्यांचा आग्रह नव्हता. त्यांच्या मूळ योजनेत कामगार घराजवळच्या लहान शाखेत जाणार होता. नंतर कंपन्यांनी शाखेचाही खर्च वाचवला आणि कामगाराला थेट घरी बसवले. ती शाखा आपण आणली पाहिजे, आणि त्यासाठी नवे काही बांधायला नको. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने या राज्यात कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याची कामगार कल्याण केंद्रे, ललित कला भवने गावोगावी आहेत. कामगारांच्या नाट्यस्पर्धा त्यांनीच नावारूपाला आणल्या. मित्रांनो, आपल्या मुलामुलींना जून आणि डिसेंबरची पगारपत्रिका नीट पाहायला सांगा. अनेकांच्या पगारातून या निधीसाठी लहानशी रक्कम कापलेली दिसेल. म्हणजे संगणक-कामगारही या केंद्रांचा वर्गणीदार आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही! ज्या केंद्रात दिवसा हॉल रिकामा असतो, तिथे टेबले मांडा, इंटरनेट घ्या, एक पाळणाघर जोडा, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी बंद करा. दुपारी त्याच हॉलमध्ये विडीवाल्या भगिनीही बसू देत. आयर्लंडने २०२१ पासून अशा सामाईक कचेऱ्यांचे राष्ट्रीय जाळे उभारले. आपल्याकडे तर इमारती आधीच आहेत.

तिसरा मुद्दा आपल्या, म्हणजे संघटनांच्या कर्तव्याचा. आमची सारी विद्या फाटकावरची. पाळी सुटली की फाटकावर उभे राहायचे आणि पत्रक वाटायचे. आता फाटकच नाही, तर सभा कुठे घ्यायची, असे माझे सहकारी विचारतात. जिथे माणसे जमतात तिथे, हे उत्तर आहे. सामाईक कचेरीत शंभर माणसांचे साठ मालक असतात. तिथे संप होणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. पण तिथे दर विचारता येतो, करारपत्र शेजाऱ्याला दाखवता येते, कोणाचा पगार अडकला तर ते चौघांना कळते. ओटीवर नापास विड्यांचा हिशेब झाला, तसाच हा. संघटनेची सुरुवात नेहमी एवढ्याच गोष्टीने होते, की माझ्यावर झाले ते तुझ्यावरही झाले काय?

घरून काम करणे वाईट, असे मी म्हणत नाही. लोकलच्या गर्दीत रोज तीन तास घालवणाऱ्याला, लहान लेकराच्या आईला, अपंग बंधुभगिनींना त्याचा मोठा आधार झाला आहे, आणि ती सवलत कोणी काढून घेऊ लागला तर आम्ही विरोध करू. माझे म्हणणे इतकेच, की घरी बसण्याची मुभा मिळाली म्हणजे एकटे पडण्याची सक्ती झाली, असे होता कामा नये. घरून काम करणारा मनुष्य त्या टेबलापाशी जाऊन जे शोधतो, ती चैन नाही. दिवसाला शेवट, शेजारी माणूस आणि कामाला मान, या कामगाराच्या जुन्या मागण्या आहेत. त्या आज तो एकेकटा, स्वतःच्या पैशाने विकत घेतो आहे. त्या सर्वांनी मिळून मागायच्या आहेत.

उद्या सकाळी आपल्यापैकी ज्यांच्या घरात असा मुलगा, मुलगी किंवा सून लॅपटॉप उघडून बसेल, त्यांनी तिला कुकरकडे लक्ष द्यायला सांगू नये, आणि संध्याकाळी सातनंतर तो लॅपटॉप मिटलेला आहे की नाही, ते मात्र जरूर पाहावे. कायदा होईल तेव्हा होईल. एवढे घरातल्या घरात करता येते.